एवढं पान संपू दे

काम अगदी साधं होतं. छोट्या संगणकासाठी आवाज न करणारा पॉवर सप्लाय निवडायचा, एवढंच. त्यासाठी नीरजा भर दुपारी नौपाड्याहून रिक्षा करून कळव्याला सहदेवच्या दुकानात आली होती आणि गेली वीस मिनिटं त्याच्याशी भांडत होती.

"साडेसहाशे वॅट? अहो, माझं यंत्र शंभर वॅटसुद्धा खात नाही. मी मोजलंय. मला कशाला गळ्यात मारताय हे धूड?"

"मॅडम, ऐका तर." सहदेव पन्नाशीचा, कानामागे टेस्टर खोचलेला, गिऱ्हाईक कितीही तापलं तरी न तापणारा. "तुम्ही कॉलेजात फिजिक्स शिकवलंत, मी काय तुम्हाला सांगणार? पण हा मोठा आहे ना, तो शंभर वॅटला नुसता लोळत पडतो. तापत नाही, म्हणून पंखा फिरत नाही. छोटा घ्याल तर तो बिचारा दिवसभर धापा टाकणार."

उत्तर बिनचूक होतं, आणि म्हणूनच तिचा राग आणखी चढला.

"आणि मे महिन्यात? तेव्हा फिरेलच की पंखा."

"मग हा घ्या." त्याने खालच्या फळीवरून एक खोका काढला. "ह्याला पंखाच नाही. नुसत्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. आत हलणारी एक वस्तू नाही. कान लावून बसलात तरी ऐकू येणार नाही."

"आणि आतल्या कॉइलची ती बारीक शिट्टी?"

"तीपण चेक करून देतो. पण मॅडम, राग मानू नका... एवढी शांतता पाहिजे कशाला?"

"पुराव्यासाठी," नीरजा म्हणाली.

सहदेवने बिलाचं पुस्तक पुढे ओढलं.

मुदतीआधी निवृत्ती घेतल्यापासून नीरजा दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करीत असे. तिच्या वाचनात चूक सापडत नाही, असा तिचा लौकिक होता. तिला तो मान्य होता. वाचायच्या खोलीला लागूनच तिच्या थोरल्या बहिणीची, मंदाकिनीताईची खोली. अर्धांगवायूने ताईची वाचा गेली होती, उजवा हात तेवढा चालत असे. काही हवं असलं की ती स्टीलचा चमचा खाटेच्या लोखंडी दांड्यावर तीनदा वाजवी. ध्वनिमुद्रण चालू असताना नीरजा मधलं दार लावून घेई आणि दाराखालच्या फटीत घडी घातलेली चादर बोटांनी दाबून बसवी. हे ताईला ठाऊक होतं. तिने कधी तक्रार केली नव्हती. ती कशी करणार?

फाल्गुनातल्या एका दुपारी तासाभराचा पाठ वाचून झाल्यावर नीरजाने दार उघडलं तेव्हा ताई गेलेली होती. चमचा फरशीवर पडला होता.

तेराव्याला वरच्या मजल्यावरची योगिनी सगळ्यांदेखत म्हणाली, "अडीच वाजल्यापासून चमचा वाजत होता हो. मला वाटलं, नीरजाताई आहेत घरात." आणि डोंबिवलीहून महिन्यातून एकदा आंबाबर्फीचा पुडा आणि भरपूर सल्ले घेऊन येणारा त्र्यंबक, तिचा थोरला भाऊ, तिच्याकडे न पाहता म्हणाला, "भिंतीपलीकडे होतीस तू, नीरू."

नीरजाला योगिनीचा राग आला: ऐकू येत होतं, तर खाली का आली नाही? त्र्यंबकदादाचा आला: ताईच्या आजारपणाच्या तीन वर्षांत एक रात्र तरी जागला होता का? पण सगळ्यांत जास्त राग आला तो टेबलाखालच्या जुन्या पॉवर सप्लायचा. त्याची ती अखंड घरघर! ती घरघर कानात भरलेली असे, म्हणून चमचा ऐकू आला नाही. हे तिने इतक्या जणांना, इतक्या ठाम शब्दांत सांगितलं होतं, की आता ते एखाद्या नियमासारखं वाटू लागलं होतं. त्र्यंबक मात्र प्रत्येक वेळी फोनवर "असेल, असेल" म्हणे. ते 'असेल' तिला सहन होत नव्हतं.

त्या दुपारचं ध्वनिमुद्रण संगणकात होतं. घरघर कमी करून ऐकलं आणि तरीही त्यात चमचा नसला, तर मायक्रोफोनलाही तो ऐकू आलेला नव्हता. मग तिला कुठून येणार? पण घरघरणाऱ्या यंत्राशेजारी बसून हे तपासणं म्हणजे गढूळ पाण्यात सुई शोधणं. म्हणून आधी शांतता हवी होती. त्यानंतर त्र्यंबकाला समोर बसवून ऐकवायचं, आणि ते 'असेल' त्याच्या तोंडून कायमचं काढून घ्यायचं.

सहदेव स्वतः येऊन नवा सप्लाय बसवून गेला. जुना काढून त्याने पिशवीत टाकला. "झालं मॅडम. चालू आहे."

"कशावरून?"

"लाइट बघा ना." तो हसला. दारापर्यंत गेला आणि थबकला. "शेजारच्या खोलीत कोणी आजारी आहे का? तेलाचा वास येतोय. आमच्या आईला लावायचो तसला."

"ती खोली रिकामी आहे," नीरजा म्हणाली. खाट, गादी, सगळं रुग्णसाहित्य देणाऱ्या संस्थेला दिलं होतं. चादर मात्र दाराच्या फटीत अजून तशीच होती. काढायची राहून गेली होती.

तो गेल्यावर शांतता हळूहळू खोलीत उतरली. आधी रस्त्यावरच्या रिक्षा लांब गेल्यासारख्या वाटल्या, मग भिंतीवरच्या घड्याळाचा काटा वेगळा ऐकू येऊ लागला, मग स्वतःचा श्वास. ध्वनिमापकावरचा आकडा खाली खाली येत राहिला. ताईला चोळायच्या नारायण तेलाचा वास खरोखरच येत होता. रिकाम्या खोल्यांना वास राहतात. त्यात नवल काही नव्हतं.

प्रत्येक कामाआधी रिकाम्या खोलीची एक मिनिटाची शांतता ध्वनिमुद्रित करायची, ही तिची शिस्त होती. तिने एक मिनिटाची वेळ लावली, स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि परत आली. पडद्यावर फाइलची लांबी दिसली: नऊ मिनिटं.

तिच्या कपाळाला आठी पडली. वेळ लावताना चूक झाली असणार. पण स्वयंपाकघरात ती नऊ मिनिटं उभी नव्हती. ते नंतर पाहू, असं म्हणून तिने ती फाइल बाजूला ठेवली.

मग त्या दुपारचा पाठ ऐकला. भूगोल, मिठागरं. घरघर पुसून ऐकला. पुन्हा ऐकला. चमचा कुठेही नव्हता.

"दादा, रविवारी ये," तिने फोनवर सांगितलं. "आणि बर्फी आणू नकोस."

रविवारी दुपारी त्र्यंबक आला, टेबलापाशी बसला, मान खाली घालून ऐकू लागला. स्पीकरमधून नीरजाचा आवाज संथपणे वाचत होता: "भरतीचे पाणी बांधाच्या आत आले, की फळी टाकून त्याची परतीची वाट बंद करतात." एकसष्ट मिनिटांचा तो पाठ त्याने शेवटपर्यंत ऐकला. संपल्यावर चष्मा पुसला.

"चमचा नाही," तो म्हणाला.

"नाही. आता बोल. अजून 'असेल' म्हणायचंय?"

"नीरू, चिडू नकोस. मी चुकलो. पण हे मध्येमध्ये काय होतं गं? वाचता वाचता श्वास तुटल्यासारखं. मी मोजले. अकरा वेळा."

"सांधे आहेत ते," ती तुटकपणे म्हणाली. "बाहेरचा आवाज मध्ये आला, की मी तेवढा भाग कापते आणि तेच वाक्य पहिल्यापासून वाचते. कुकर, रिक्षा, काहीही. घरघरीखाली सांधे झाकले जायचे, आता उघडे पडलेत, इतकंच."

"एका तासात अकरा?"

एरवी एक असे. फार तर दोन.

नीरजाने खणातली नोंदवही काढली. प्रत्येक पाठाच्या सुरुवातीची आणि शेवटाची वेळ ती लिहून ठेवीत असे. दोन दहा ते तीन वीस. सत्तर मिनिटं. पाठ एकसष्ट मिनिटांचा. तिने वजाबाकी केली, आणि ती बरोबर आली याचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

"कापलेलं कुठे असतं?" त्र्यंबकाने विचारलं.

"कुठेही नसतं. पुसलं जातं."

"मग हे नऊ मिनिटांचं काय आहे?" त्याचं बोट पडद्यावर होतं.

"रिकामी खोली आहे ती! काही नाही त्यात! ऐकायचंय? ऐक!" आणि निव्वळ रागाच्या भरात तिने ती फाइल लावली.

आधी घरघर आली. जुनी, ओळखीची घरघर. जी सहदेवच्या पिशवीतून कळव्याला गेली होती. मग लोखंडावर चमचा. टण... टण... टण.

मग नीरजाचा आवाज. अगदी गोड. "एवढं पान संपू दे हं, ताई."

टण... टण... टण.

"आले, आले. एवढं पान."

टण... टण... टण.

"ताई, सांगितलं ना? कापावं लागतं मला सगळं."

त्र्यंबकाने खुर्चीचा हात घट्ट धरला. नीरजाला बटण दाबता येत नव्हतं. प्रत्येक वेळी चमच्याचा आवाज बारीक होत होता आणि तिचा वाढत होता. अकराव्या वेळी चमचा एकदाच वाजला. त्यानंतरचा आवाज तिचाच होता. वर्गातला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"गप्प बस गं जरा! मरत नाहीस तेवढ्यात!"

फरशीवर काहीतरी पडलं. घरघर थोडा वेळ चालू राहिली आणि फाइल संपली.

"तुला ऐकू येत होतं," त्र्यंबक म्हणाला.

तिच्यापाशी वाक्यं होती. योगिनीविषयी होती, त्याच्या आंबाबर्फीविषयी होती. ती सगळी तिने तोंडात आणून पाहिली.

"हो," ती म्हणाली.

त्र्यंबक उठला. त्याने चपला घातल्या. दार लावून तो गेला, आणि जिन्यावरची त्याची पावलं अगदी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली.

ऊन सरकून टेबलावर आलं होतं. नीरजाने खाली वाकून प्लग ओढून काढला. सप्लायवरचा बारीक दिवा विझला. आता घड्याळाखेरीज घरात आवाज करील असं काहीही चालू नव्हतं.

टण... टण... टण.

पलीकडच्या खोलीतून. लोखंडावर. त्या खोलीत लोखंड उरलेलं नव्हतं.

"आले, ताई," नीरजा म्हणाली, आणि या वेळी खरोखरच उठली. फटीतली चादर पायाने बाजूला केली, कडी काढली, आत गेली. खोली रिकामी होती. खिडकी बंद. फरशीवर खाटेच्या पायांचे चार फिकट चौकोन. ती त्या चार चौकोनांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तेलाचा वास तिथे इतका दाट होता, की जिभेवर चव आली.

"आले मी," ती पुन्हा म्हणाली. "काय हवंय?"

तिच्या मागे दार लागलं. आपटलं नाही. आवाज होऊ नये म्हणून ती स्वतः जसं हलक्या हाताने लावीत असे, तसं लागलं. कडी सरकली. मग दाराखालची उजेडाची रेघ एका टोकापासून विझत गेली. बाहेरून कोणीतरी चादरीची घडी बोटांनी दाबत, दाबत, नीट बसवीत होतं.

"दादा?" नीरजाने हाक मारली. "दादा... तू आहेस का?"

पलीकडे घरघर सुरू झाली. खुर्ची ओढल्याचा आवाज. कागद उलटल्याचा. आणि मग तिच्याच आवाजात वाचन, शांत, शुद्ध, एकाही अक्षराची चूक नसलेलं: "भरतीचे पाणी बांधाच्या आत आले, की फळी टाकून..."

नीरजाने दारावर तीनदा थाप मारली.

वाचन थांबलं. क्षणभर नुसती घरघर ऐकू आली.

मग तेच वाक्य, पहिल्या शब्दापासून, आधीपेक्षा स्पष्ट उच्चारांत पुन्हा सुरू झालं.