झाकण काळं पडलं तेव्हा

हार्डवेअरच्या दुकानात पितळी तारांचा एकच ब्रश उरला होता. माझा हात त्याच्यावर पडायच्या आत दुसऱ्याच कुणीतरी तो उचलला.

"मला हवाय तो," मी म्हणाले.

"मलाही." उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत काळं तेल. "तुम्हाला कशाला हवाय?"

"इंजिनाचं ॲल्युमिनियम घासायला."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं... जरा जास्तच नीट. "तुम्ही जोर लावून घासत असणार. तुमच्याकडे हा महिनाभरही टिकायचा नाही." आणि पैसे देऊन चालता झाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सोमवारी तोच माणूस बाबांच्या गॅरेजमध्ये हजर. "हा आपला नवा कारागीर," बाबा म्हणाले. जुन्या मोटारी पुन्हा नव्यासारख्या करण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्या मोटारींचे काळवंडलेले, पांढरे चट्टे पडलेले ॲल्युमिनियमचे भाग उजळायचं काम मात्र कॉलेज सुटल्यापासून माझं होतं. फक्त माझं.

मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं – शहाणा.

शहाण्याचं काम संथ. कार्बोरेटर लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात बुडवायचा आणि बाळाचे कान धुवावेत तसा मऊ ब्रशने धुवायचा. मी प्रत्येक भाग आरशासारखा चमकवायचे. त्याचे भाग चमकत नसत. कारखान्यातून आजच बाहेर पडल्यासारखे करडे, मऊ दिसत. बाबा ते उन्हात धरून बघत राहायचे. "बघ गं, याला म्हणतात हात." दुपारी डबा घेऊन आलेली आई त्यालाच आधी वाढायची. मी जळत होते... आणि दिवसभर त्याच्याच हातांकडे बघत होते.

"माझं काही चुकतंय का?" एकदा त्याने मान वर न करता विचारलं.

"मी कुठे काय म्हणाले?"

"म्हणाला नाहीत. पण मघापासून मान भाजतेय माझी."

मग वकीलबाई आल्या. त्यांच्या आजोबांची दोन दारांची मोटार, हसल्या की गालाला खळी, आणि रोज संध्याकाळी कोर्टातून थेट आमच्याकडे. "माझ्या गाडीचं काम यांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं," शहाण्याकडे बोट दाखवत त्यांनी पहिल्याच दिवशी बाबांना बजावलं. माझा राग कामावरूनच आहे, असं मी स्वतःला समजावत होते. पण एकदा त्यांनी त्याच्या गालावरचा तेलाचा डाग पुसायला आपला रुमाल पुढे केला. त्यात कामाचा काय संबंध होता? तरी मी हातातला ब्रश बादलीत आपटला.

त्या दिवशी त्यांच्या इंजिनाचं वरचं झाकण माझ्याकडे होतं. वर्षानुवर्षांचा तेलाचा चिकटा सुटावा म्हणून ते सोड्याच्या कडक पाण्यात मिनिटभर बुडवायचं आणि लगेच काढायचं. जास्त राहिलं की ॲल्युमिनियम काळं पडतं. हे मला झोपेतही ठाऊक. पण मी झाकण बुडवलं आणि बाहेर अंगणात ती दोघं हसली. मी खिडकीशी गेले.

"मग येताय ना आमच्या गावी?" वकीलबाई म्हणत होत्या. "भावाकडे अशा गाड्यांची रांग आहे. राहायला घरही देईल तो."

त्याचं उत्तर ऐकू आलं नाही. मी कान टवकारून तिथेच उभी राहिले... नको तितका वेळ.

झाकण बाहेर काढलं तर कोळशासारखं काळं. आणि तसं दुसरं आता कुठेच मिळण्यासारखं नव्हतं.

"किती वेळ होतं आत?" तो दारात उभा होता.

"माहीत नाही. मी... खिडकीत होते."

त्याने बाबांना हाक मारली नाही. हातमोजे चढवले. "बहुतेक वरचाच थर काळा झालाय. या, धरा इकडून."

मी धरून ठेवलं, तो हळूहळू घासत राहिला. लिंबूसत्वाचं पाणी, ब्रश, परत साधं पाणी. त्याचा कोपर माझ्या मनगटाला लागत होता. काळ्यातून करडा रंग वर यायला लागला, तसा मी श्वास घेतला.

"तुम्ही माझ्यावर जळता," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

"हो."

"कामावरून?"

"आधी कामावरून."

ब्रश थांबला. "आणि आता?"

खोटं बोलायला मला कधी जमलंच नाही.

"आता तुमच्यावर नाही जळत. वकीलबाईंवर जळते."

तो हसला नाही. त्याचे कान तेवढे लाल झाले.

"मी त्यांना नाही म्हणालो," ब्रश परत चालवत तो म्हणाला.

"का? घरसुद्धा मिळणार होतं."

"तिथे तुम्ही नव्हतात."

मी झाकणाकडे बघत राहिले. एका कोपऱ्यात पुसटशी काळी रेघ राहिली होती, ती काही केल्या जाणार नव्हती.

"हे माझ्या हातून झालं, हे वकीलबाईंना मीच सांगणार," मी म्हणाले.

"मीही येतो."

"चल मग."

तो जागचा हलला नाही. "चल?"

"हो. चल." माझ्या तोंडून 'तू' निसटून गेला होता, आणि मला तो परत घ्यायचा नव्हता. "आणि बोलताना त्यांच्यापासून जरा लांब उभा राहा."

"किती लांब?"

"माझ्याजवळ येशील इतका."

ओलं झाकण दोघांनी दोन टोकांनी उचललं आणि अंगणात निघालो.