मशीन बंद होईना

मोबाइलची बॅटरी उगं घालवू नका रे. लाइट दोन तासांशिवाय यायची न्हाई. आपल्याला अंधारात बसवायचं म्हणूनच ते भारनियमन काढलंय. बसा आन् ऐका. मधी कुणी बोललं तर मी उठून जाईन.

आपला सतीश, माझा भाचा, कुरकुंभला कंपनीत कॉम्प्युटर बघायचा. साल दोन हजार सात, डिसेंबरचा पहिला शनिवार. ड्युटी सुटल्यावर तो दौंडला कृपाबाईकडं गेला. तिचा पोरगा ख्रिस्तोफर सतीशचा जोडीदार, एकाच खात्यात कामाला. वर्षापूर्वी कुरकुंभ रोडला मोटरसायकलीवरनं पडून गेला. लोकं म्हणाली, पिऊन पडला. बाप नथानिएल, रेल्वेतला रिटायर गार्ड, लई कडक. त्यानं तेच खरं धरलं. पोराच्या मातीलासुद्धा गेला न्हाई. घरात त्याचं नाव घेऊ देईना. ती माऊली वर्षभर सांगत राहिली, माझं लेकरू पीत नव्हतं. पण तिचं ऐकतंय कोण?

ख्रिस्तोफरनं घरात कॉम्प्युटरवर लिनक्सचा सर्व्हर केलता. एका मशीनच्या पोटात अजून तीन मशीनी चालायच्या म्हणे. कशा, ते मला विचारू नका. शेवटच्या दिवशी घरातनं निघताना तो आईला म्हणाला, "बंद करू नको, आल्यावर बघतो." तिनं ते वर्षभर बंद केलं न्हाई. आता डिस्क खरखरायला लागली, आन् पोराचे सगळे फोटो त्यातच. आतलं मशीन नीट बंद झाल्याबिगर ते बाहेर निघत न्हाईत, म्हणून सतीशला बोलावलं होतं.

सतीशनं बंद करायची कमांड दिली. अडकलं. परत दिली, परत अडकलं. आत एक प्रोग्राम चिकटून बसलेला. त्याला मारायची कमांड दिली तर तो जाग्यावरनं हलंना. ताटातलं जेवण गार झालं आन् ह्याचं डोकं तापलं.

"वायर उपट आन् मोकळा हो," नथानिएल दारातनं खेकसला.

"फोटो जातील काका. आन् हे मेलेलंच हाय, म्हणून तर मरंना."

"मेलंय तर राहिलंय कशाला?"

सतीश वैतागलेला. बोलून गेला, "ज्यानं ह्याला जन्माला घातलं त्यानं विचारावं लागतं, कसा संपलास म्हणून. विचारलं की जातं. न्हाई विचारलं तर यादीत नाव तसंच राहतं. लिनक्सचं असलंच हाय."

मग त्याच्या ध्यानात आलं, आपण कुणापुढं काय बोललो ते.



तेवढ्यात लाइट गेली. घर काळंमिट्ट. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर तेवढं मशीन चालू. त्या उजेडात नथानिएल आत आला. खुर्ची ओढली. बसला. स्क्रीनकडं तोंड केलं.

"ख्रिस्तोफर," तो म्हणाला. वर्षात पहिल्यांदा. "कसा गेलास रे बाळा?"

सतीशचे हात मांडीवर होते. आजबी तो शपथेवर सांगतो. कीबोर्डला कुणी शिवलं न्हाई.

डिस्क थांबली.

पंखा थांबला.

मशीन बंद. स्क्रीन मात्र चालू. वर एकच आकडा.

एकशे सदतीस.

"म्हंजी काय?"

सतीशनं आकडा परत वाचला.

"सांग."

"आपसूक संपलं तर शून्य येतं, काका." "हा आकडा... बाहेरनं कुणी मारलं, तर येतो."

कृपाबाई दारात उभी होती. रडली न्हाई. "पीत नव्हता," एवढंच म्हणाली. नथानिएलनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फोटो निघाले. बाप सकाळीच कबरीवर गेला, एक वर्ष उशिरा. तिथनं पोलिसात गेला. अजून चकरा मारतोय. कुणी मारलं ते काय कळलं न्हाई.

आन् तो मॉनिटर... सतीशनं त्याच रात्री त्याची वायर काढून नेली. मागल्या महिन्यात मी स्वतः जाऊन बघितला. काच काळी. आन् आत, पांढरा, एकशे सदतीस. मी फडक्यानं पुसून बघितला. आकडा काचेच्या आतल्या अंगाला हाय.