इकडे बघून बोला

कचेरीत पाणी भरायच्या यंत्रापाशी तो नवा माणूस काहीतरी पुटपुटला. मिशी इतकी दाट, की ओठ दिसेनात.

"मला ऐकू येत नाही, मी ओठ वाचते," मी म्हटलं. "त्या झुडपात काय वाचू?"

दुसऱ्या दिवशी मिशी गायब… आणि तो माझ्या समोरच्या खुर्चीत. माझा नवा पर्यवेक्षक.

मी समुपदेशक. लोकांची दुःखं ऐकणारी बहिरी बाई — हसा, सगळे हसून झालेत. वर्षभर वरिष्ठाने आम्हा नवख्यांचं काम तपासायचं, अहवाल लिहायचा, मग परवाना. आधीचे साहेब माझ्या प्रत्येक सत्रावर 'छान' लिहायचे. कीव होती ती. कीवेचा परवाना घेऊन काय चाटायचाय?

ह्याने माझ्या सत्राच्या पहिल्याच चित्रफितीची चिरफाड केली.

"त्या बाईंना उजेडात का बसवलंत?"

"ओठ दिसावेत म्हणून."

"तसं त्यांना सांगितलंत?"

"…नाही."

"त्यांना वाटलं, चौकशी चाललीय. दोनदा तोंड झाकलं त्यांनी. आधी सांगा, मग बसवा."

असा संताप आला. आणि घरी जाताना हसू… कुणीतरी माझं काम खरंच बघितलं होतं.

मग त्याने सगळ्या कचेरीला शिस्त लावली. बैठकीत एका वेळी एकानेच बोलायचं, माझ्याकडे तोंड करून.

"गुरुवारीच बरी केस धुतेस गं," आई म्हणाली. गुरुवारी आमची तपासणी असायची.

दहाव्या महिन्यात तो म्हणाला, "पुढच्या गुरुवारपासून तुम्ही मोठ्या मॅडमकडे. अहवाल त्याच लिहितील."

परवान्याला दोनच महिने उरलेले.

"माझं काय चुकलं?"

तो उठून खिडकीशी गेला, आणि — सगळ्यांना शिकवणारा हा शहाणा — माझ्याकडे पाठ करून बोलत राहिला. कान लालबुंद.

मी टेबलावर थाप मारली. "खिडकीला काय सांगताय? इकडे बघून बोला."

तो वळला. "…तुमच्या कामावर मी आता खरं लिहू शकत नाही. मला तुमचं सगळंच आवडायला लागलंय."

"सगळंच?"

"परवाच्या सत्रातली घाई सोडून."

मी वही मिटली. "परवाना मी मॅडमकडून घेणार, माझ्या कामावर. तोवर अहो-जाहोच. नंतर मी स्वतः येऊन तुम्हाला 'अरे' म्हणेन."

"आणि मी काय म्हणू?"

"हो म्हणा."