फलाटावरची दुसरी पावलं

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मी त्या खोलीत होते. जे सांगतेय ते माझ्या कानांनी ऐकलंय.

मार्च १९५३. मंगळवार, दुपारचे तीन.

कल्व्हर सिटीतल्या एका सिनेमाच्या स्टुडिओत मी आवाज टेपवर घ्यायचं काम करायचे. चोवीस वर्षांची होते.

ऑर्विल ट्रास्क आमचा पावलांचा माणूस. पडद्यावर नट चालायचा आणि त्याच्या बुटांचा आवाज ऑर्विल काढायचा, खाली फळ्यांवर चालून. वय एक्कावन्न. लग्न केलं नव्हतं. जेवायच्या सुट्टीत एकटाच बाहेर पायरीवर बसायचा.

त्या दिवशीचा प्रसंग साधा होता. पन्नाशीचा नायक खूप वर्षांनी जुन्या स्टेशनवर येतो. रिकाम्या फलाटावरून चालत जातो. बस्स.

मी काचेमागे बसले. ऑर्विल चालला.

टक्... टक्... टक्...

मी टेप मागे फिरवून ऐकली.

टक्... टक्... आणि त्याच्या मागून, अगदी हलकं...

टक्, घसर्... टक्, घसर्...

"ऑर्विल, पाय ओढत होतात का?"

"मी? पोरी, वीस वर्षं याच पायांवर पोट भरतोय. तुझं मशीन बघ."

मशीन ठीक होतं. नवी टेप लावली. तो पुन्हा चालला.

या वेळी ती पावलं जवळ आली होती. तो थांबला की ती थांबत होती... एक पाऊल उशिरानं.

टेप ऐकून ऑर्विलनं थट्टा केली नाही. खाली बसला.

"लिओटा," तो म्हणाला.

मग सगळं सांगितलं. फ्रेस्नो गाव, १९२६. लिओटाचा डावा पाय लहानपणी पोलिओनं अधू झालेला. दोघं पळून जाऊन लग्न करणार होते. ती बॅग घेऊन स्टेशनवर येणार होती. हा घाबरला. आधीच्याच गाडीनं एकटा निघून आला.

"सत्तावीस वर्षं ती मला त्या फलाटावर दिसते," तो म्हणाला. "वाट बघताना."

"फोन करा ना."

"काय बोलू?"

"कशी आहेस, एवढं तरी विचारा."

बाहेरच्या पॅसेजमधल्या फोनवरून त्यानं तिच्या माहेरचा नंबर शोधून काढला. फोन बहिणीनं घेतला, हेस्टरनं. मी शेजारी उभी होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"लिओटा वारून सहा वर्षं झाली. कोण बोलतंय?"

"ऑर्विल ट्रास्क."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"त्या दिवशी..." तो म्हणाला. "खूप वेळ थांबली होती का ती?"

"ती स्टेशनवर गेलीच नव्हती, ऑर्विल. सकाळीच मन बदललं तिचं. तुला कसं सांगायचं म्हणून रडत बसली होती. तू निघून गेलास कळलं, तेव्हा सुटल्यासारखं झालं तिला. वर्षभरात लग्न केलं. सुखात होती."

"माझं नाव कधी..."

"नाही रे. मला तरी आठवत नाही."

त्यानं फोन हळूच ठेवला.

"म्हणजे तिथं कोणीच नव्हतं," तो म्हणाला.

आत येऊन मी टेप लावली.

टक्, घसर्... टक्, घसर्...

होती. अजूनही होती.

ऑर्विलनं डोळे मिटून तीनदा ऐकलं. मग कोट घातला. दार उघडलं. आणि बाहेर न पडता तसंच धरून उभा राहिला... सावकाश चालणाऱ्या माणसाला पुढे जाऊ द्यावं, तेवढा वेळ.

मग गेला.

खोलीत मी एकटी. धीर करून पुन्हा टेप लावली.

टक्... टक्... टक्...

एकाच माणसाची पावलं.

ऑर्विल त्यानंतर नऊ वर्षं आमच्याकडे होता. त्या टेपबद्दल पुन्हा एक अक्षर बोलला नाही. पण जेवायच्या सुट्टीत पायरीवर जरा कडेला सरकून बसायचा. शेजारची जागा मोकळी ठेवून.

त्या जागेवर मी कधीच बसले नाही.