मोरपंखी दोरा

दिवा जरा अलीकडे घ्या, जावईबापू. मघाशी तुम्ही हसत हसत विचारलंत ना, हा जुनापुराणा काळा कोट मी टाकून का देत नाही, आणि त्याचं दुसरं बटण असल्या मोरपंखी दोऱ्यानं कोणी लावलं? तुमच्या बायकोला हे मी कधी सांगितलं नाही. पोटच्या पोरीपुढे मान खाली घालायचा धीर होत नाही. तुम्हाला सांगतो.

तेव्हा मी नकाशे काढायच्या कचेरीत नुकताच कायम झालो होतो. घरात मी आणि ताई, दोघंच. आईवडील गेल्यावर तिनं लोकांची काजंबटणं करून मला शिकवलं. मशीनवर वाकून वाकून कंबर गेली, चाळिशीतच हातात काठी आली. त्या हिवाळ्यात कचेरीत नवे साहेब आले. त्यांना आणि त्यांच्या बाईंना शनिवारी शहरातलं संग्रहालय आणि रविवारी गावाबाहेरचा तलाव दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच मान पुढे केली होती.

ताई म्हणाली, "मीपण येते रे. इतकी वर्षं इथे काढली, पण ते आतून कधी बघितलं नाही." नाही म्हणवेना. निघताना तिनं माझ्या कोटाचं दुसरं बटण बोटानं हलवून पाहिलं. ते लोंबत होतं. रात्री लावून देते, म्हणाली.

संग्रहालयात काठ्या, छत्र्या, पिशव्या दारातच ठेवून घेत. ताईच्या काठीचा पितळी बिल्ला मी माझ्या खिशात टाकला, तेवढ्यात साहेबांची गाडी आली. बाई उतरल्या, अगदी फोटोतून उतरल्यासारख्या. ताईच्या पायात कापडी बूट होते, त्यातल्या एकाला ठिगळ. मी घाईनं म्हणालो, "ताई, तू हो पुढे, मी आलोच." ती भिंतीला हात लावत लावत आत गेली. मी आलोच म्हणालो खरा, पण गेलो नाही.

वरच्या मजल्यावर जुन्या कारागिरांची दुकानं मांडली होती, प्रत्येकापुढे दोरी बांधलेली. लोहार झाला, छापखाना झाला, शेवटी शिंप्याचं दुकान. आम्ही तिथे पोचलो तर ताई दोरी ओलांडून आत, मशीनपुढच्या स्टुलावर बसलेली. हातात मोरपंखी रीळ. रखवालदार धावत आला.

"अहो, दोरा चुकीचा ओवलाय," ती त्याला समजावत होती. "असा ठेवलात तर एक टाका पडायचा नाही."

बाईंनी तोंडाला रुमाल लावला. हसू आवरत होत्या. रखवालदारानं आमच्याकडे वळून विचारलं, "या कोणाबरोबर आहेत?"

शेजारी काचेच्या पेटीत जुनी बटणं मांडली होती. शिंपल्याची, हाडाची, पितळेची. मी ती बघत राहिलो. एकेक नीट बघितलं.

"मी एकटीच आलेय," ताई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

त्यानं रीळ काढून घेतलं आणि तिला दंडाला धरून जिन्याजवळच्या बाकावर नेऊन बसवलं. आम्ही खाली कॉफी प्यायला गेलो. साहेब माझ्या कामाबद्दल चार शब्द चांगले बोलले, आणि मी त्या चार शब्दांवर खूश होतो. जावईबापू, मी खरंच खूश होतो.

निघताना बाक रिकामा दिसला. दोन रखवालदार तिथे काहीतरी कुजबुजत होते. म्हटलं, फणकाऱ्यानं घरी गेली असेल. बिल्ला खिशात होता. पण काठी मागायची म्हणजे ती कोणाची, हेही सांगावं लागलं असतं.

पाहुण्यांना पोचवून घरी आलो तर घरात अंधार. ताईच्या खोलीत मशीनच्या तेलाचा वास येत होता, पण नेहमीचा नाही. फार दिवस न उघडलेल्या पेटीचा असतो तसा, गार. खाटेवर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, डोक्यावरून पांघरूण. माफी मागायची म्हणून दारात उभा राहिलो, आणि तोंडातून निघालं भलतंच.

"ताई... झोपलीस?"

 मग, खोलीच्या पलीकडून कुठूनतरी आल्यासारखा आवाज आला, "कोट... खुंटीला लाव."

सकाळी तिचं दार लोटलेलं होतं. अंधारातच कोट चढवला. दुसरं बटण घट्ट लागलेलं हाताला जाणवलं. म्हटलं, चला, राग गेला बाईसाहेबांचा. गळ्यात मफलर गुंडाळला आणि शीळ घालत निघालो.

तलावावर इतकं धुकं होतं की पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. बांधाला एका बाजूनं दगडी कठडा होता. आम्ही तिघं चालत होतो आणि मागून त्या कठड्यावरून कोणीतरी हात घासत येत होतं. खर्र... मग थांबणं... मग पुन्हा खर्र. आम्ही थांबलो की आवाज थांबायचा. साहेब म्हणाले, वारा असेल. वारा नव्हता.

बांधाच्या टोकाला चहावालीनं आमच्यापुढे चार कप ठेवले.

"त्या मागून येतायत ना, कठड्याला धरून," ती म्हणाली. "तुमच्याबरोबरच आहेत ना त्या?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "आम्ही तिघंच."

आवाज तिथेच थांबला. परत आला नाही. नंतर किती वर्षं मी त्या कठड्याशी जाऊन उभा राहिलोय.

संध्याकाळी घरी आलो. ताईचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं, शनिवारी सकाळी तिनं ठेवलं होतं अगदी तसं. स्वयंपाकघरात शनिवारचं जेवण झाकलेलंच. शेजारी म्हणाले, त्यांना ती दोन दिवस दिसलीच नाही. तेव्हा मला आठवलं की काठी अजून तिकडेच आहे.

सोमवारी संग्रहालय उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो, रात्रभर न काढलेल्या कोट-मफलरातच. काठ्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यानं बिल्ला घेतला, काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमच्या कोण त्या?"

"माझी ताई."

"दोन दिवस तुम्ही होतात कुठे?" तो हळूच म्हणाला. "शनिवारी पावणेपाचला बाकावरच गेल्या त्या. मागच्या दारानं नेलं. आम्ही सगळ्यांना विचारलं असतं हो, पण त्याच म्हणाल्या होत्या, एकटीच आलेय."

पावणेपाचला मी कॉफी पीत होतो.

"मुठीत दोऱ्याचा तुकडा होता," तो म्हणाला. "सोडवता सोडवेना. राहू दिला."

"कसला दोरा?"

त्यानं माझ्या छातीकडे बोट केलं. "असलाच."

मफलर सरकला होता, मी खाली बघितलं. एकावर एक दोन गाठी, तिच्या पद्धतीच्या. आणि टोक कात्रीनं नाही, दातानं तोडलेलं. कात्री हाताशी असली तरी ती दातानंच तोडायची.

चाळीस वर्षं झाली याला. बटण अजून सैल झालेलं नाही. दिवा धरा नीट, आणि त्या टोकाला जरा बोट लावून बघा...

ओलं लागतंय ना?