जमीन तेवढी ठेवली

टिनेकेने किल्ली फिरवली, दार ढकललं आणि आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो असं तिला वाटलं.

सोफा नाही. टेबल नाही. भिंतीवर नवऱ्याचा फोटो नाही. पडदे गेले होते, पडद्यांच्या दांड्याही गेल्या होत्या. छतातून दिव्यांच्या नुसत्या तारा लोंबत होत्या. स्वयंपाकघरात औषधालाही एक चमचा उरला नव्हता. पायाखाली ओकच्या फळ्यांची जमीन तेवढी होती, तीही लख्ख झाडलेली.

एकाहत्तर वर्षांची ती बाई काठी टेकत भिंतीपाशी गेली आणि पलीकडे ऐकू जाईल असं ठोकू लागली. पलीकडे योपी राहायची. सव्वीस वर्षांपासूनची शेजारीण, रोज सकाळच्या कॉफीची मैत्रीण. योपी धावत आली, रिकामी खोली पाहून तिने तोंडावर हात ठेवला, आणि पोलिसांना फोनही तिनेच केला.

मार्लूस सायकलवरून आली. ती या वस्तीची पोलीस. आपेलडोर्नच्या त्या शांत गल्ल्यांत तिच्या वाट्याला येणारे गुन्हे म्हणजे कुंपणाबाहेर वाढलेली फांदी नाहीतर भलत्या दिवशी बाहेर काढलेला कचऱ्याचा डबा. अख्खं घर चोरीला गेल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं.

कुलूप शाबूत होतं. खिडक्या शाबूत होत्या.

"किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत?"

"एक माझ्याकडे, एक मुलाकडे, एक योपीकडे. आणि घरमालकाकडे असेलच," टिनेके म्हणाली.

"तुम्ही कधीपासून घरी नव्हता?"

"नोव्हेंबरात पडले, खुबा मोडला. दवाखान्यातून रूलोफ, म्हणजे माझा मुलगा, मला त्याच्या घरी झ्वोलेला घेऊन गेला. ईस्टरपर्यंत राहा म्हणत होता. पण लोकांच्या घरी किती दिवस राहायचं? सून चांगली आहे हो, पण भांडं कुठे ठेवायचं हेसुद्धा विचारावं लागतं. आज न सांगता टॅक्सी केली आणि आले."

योपीने तिचा हात धरला होता. "सांगू की नको, कळत नाही गं," ती हळूच म्हणाली.

"सांगा," मार्लूस म्हणाली.

"मंगळवारी मोठी गाडी आली होती. मी खिडकीत बसले होते. रूलोफ उभा राहून माणसांना हे उचला, ते उचला सांगत होता. मला वाटलं, तुमचं मायलेकरांचं ठरलं असेल. मला का नाही सांगितलं, म्हणून वाईटही वाटलं."

टिनेकेचा चेहरा पांढरा पडला. रूलोफ हिवाळाभर तिच्या मागे लागला होता: आई, ते जिने आता तुला झेपणार नाहीत, घर सोड. तिने तिथल्या तिथे त्याला फोन लावला.

"चोरा! आईच्या पाठीमागे आईचा संसार विकून खाल्लास?"

"आई, काय बोलतेस? तू कुठे आहेस?"

"जिथे माझी बसायची खुर्चीसुद्धा ठेवली नाहीस तिथे!"

तिने फोन बंद केला आणि योपीच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. मार्लूसला ते बघवेना. ती घरमालकाकडे निघाली.

घरमालक ऑटर्लो ऐंशीचा होता. दोन्ही कानांत यंत्रं.

"चोरी? कसली चोरी? टिनेकेने स्वतः फोन करून घर सोडलं," तो म्हणाला.

"आवाज तिचाच होता?"

"म्हाताऱ्या बाईचा होता. आणि न्हाणीघरातलं गळणं मी अजून दुरुस्त केलं नाही म्हणून झापलं मला. ते टिनेकेशिवाय कोणाला माहीत असणार?"

"काही लिहून घेतलंत?"

"सव्वीस वर्षं राहणाऱ्या भाडेकरणीकडे कागद मागू?"

"आणि नव्या भाडेकरूकडून भाडं जास्त मिळणार असेल."

म्हातारा खोकला. "ते सगळीकडेच वाढलंय. उद्या सकाळी किल्ली द्यायची आहे. लोटे म्हणून एक पोरगी आहे, ब्रेडा गावची. पोटुशी आहे बिचारी. पोरगी चांगली आहे असं टिनेकेनेच फोनवर सांगितलं."

"उद्या किल्ली देऊ नका."

"का? एकदा करार झाला की—"

"नका देऊ म्हटलं ना!"

एकदा नवं बिऱ्हाड आत शिरलं की त्याला काढायला वर्ष लागलं असतं. काठी टेकणाऱ्या बाईकडे तेवढा दम नव्हता.

परतताना समोरच्या घरातल्या हार्मने मार्लूसला हाक मारली. हार्म निवृत्त होता आणि गल्लीवर नजर ठेवणं हाच आता त्याचा धंदा होता.

"मंगळवारची गाडी पाहिलीत?"

"पाहिली की. नाव नसलेली पांढरी गाडी. पण माणसं कामाची! सकाळी आली, जेवणाच्या आत गेलीसुद्धा. चौदा नंबरवाले घर सोडून गेले तेव्हा दोन दिवस फळ्या उचकटण्याचा खडखडाट चालू होता, डोकं उठवलं माझं. या वेळी आवाज म्हणून नाही."

"त्या माणसांना सूचना कोण देत होतं?"

"कोणी नाही. आपली आपण करत होती. मी योपीला विचारायला जाणार होतो, पण तिचे पडदे दिवसभर ओढलेले. आमच्या गल्लीत दिवसा पडदे कोण ओढतं? मला वाटलं, कोणी गेलं की काय तिच्याकडचं. अशा वेळी दार वाजवणं बरं दिसत नाही."

मार्लूसने सायकल तिथेच उभी केली आणि फोन काढला. मग तिने रूलोफला बोलावून घेतलं.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळे योपीच्या बैठकीत जमले. योपीने कॉफी केली, प्रत्येकाला एकेक बिस्कीट दिलं आणि डबा बंद करून कपाटात ठेवला. टिनेके मुलाकडे बघायला तयार नव्हती. रूलोफ दारापाशीच उभा होता, कोटसुद्धा न काढता.

"रूलोफ, न्हाणीघरात काय गळतंय?" मार्लूसने विचारलं.

"गळतंय? मला काय माहीत?"

"त्याला सांगेन कशाला?" टिनेके ताडकन म्हणाली. "बघ, तुझं घर गळतंय, म्हणून आणखी मागे लागला असता."

"मग कोणाला सांगितलं होतंत?"

टिनेकेची नजर योपीकडे गेली.

मार्लूसने कप खाली ठेवला. "मला त्या जमिनीने सकाळपासून छळलंय. आपल्याकडे भाड्याचं घर सोडताना माणूस दिवे नेतो, पडदे नेतो, पायाखालची जमीनसुद्धा उचकटून नेतो. नाही नेली तर मालक पैसे कापतो. मी आणि माझ्या नवऱ्याने दोन दिवस गुडघ्यांवर बसून उचकटली होती. ती राहते एकाच कारणाने: येणारा भाडेकरू म्हणतो, राहू द्या, मी घेतो. या घरातून चमचा नेला, पडद्याची दांडी नेली, पण ओकची जमीन झाडून ठेवली. म्हणजे ज्याने घर रिकामं केलं त्याला पुढे कोण येणार ते ठाऊक होतं. फोन करणाऱ्या बाईने घर सोडलं आणि त्याच दमात नवी भाडेकरीणही सुचवली. घर रिकामं करणं हा नुसता अर्धा डाव होता. खरा डाव त्या पोरीला आत आणण्याचा होता. रूलोफला ब्रेडाच्या पोरीशी काय करायचंय?"

मार्लूस योपीकडे वळली.

"योपीबाई, तुम्ही मंगळवारी खिडकीत बसून रूलोफला पाहिलंत. पण तुमचे पडदे दिवसभर ओढलेले होते. बंद पडद्यातून कसं दिसलं?"

"हार्मच्या डोळ्यांना..." योपी म्हणाली. मार्लूसने तिला पुढे बोलू दिलं नाही.

"लोटे कोण?"

योपीने हातातली कपबशी टेबलावर ठेवली.

"माझ्या डानची," ती शेवटी म्हणाली. डान तिचा नातू, लोटे त्याच्याबरोबर राहायची. "चार वर्षं घरासाठीच्या यादीत नाव आहे पोरांचं. एका खोलीत राहतात, भिंतीला बुरशी. बाळ यायचंय. जमीन घालायला पैसे नाहीत त्यांच्याकडे. त्यांना यातलं काही माहीत नाही हं! त्यांना वाटतंय तूच घर दिलंस." ती टिनेकेकडे वळली. "आणि तूच म्हणाली होतीस, योपी, मला आता जिने नको झालेत. तुला मुलगा आहे, मोठं घर आहे. तुझं काहीही फेकलेलं नाही गं. सगळं माझ्या भावाच्या कोठारात आहे. कपबश्या मी स्वतः गुंडाळल्या, एक फुटू दिली नाही."

"जिने नको झालेत हे मी मैत्रिणीला सांगितलं होतं," टिनेके म्हणाली. "आणि माझ्या मुलाला चोर ठरवलंस. मी त्याला फोनवर काय काय बोलले, तेव्हा माझा हात तुझ्या हातात होता."

"मला वाटलं नव्हतं तू इतक्यात येशील..."

"ईस्टरला आले असते तर काय सांगितलं असतंस? हेच ना? मग मी मेले असते तरी त्याचं तोंड पाहिलं नसतं."

योपी रडायला लागली. यापूर्वी ती रडली की टिनेके आधी पाणी आणायची. आज ती जागची हलली नाही. सव्वीस वर्षं जिच्या विश्वासावर मान ठेवली, तिनेच केसाने गळा कापला होता.

मार्लूसने ऑटर्लोला फोन केला. घर टिनेकेचंच राहिलं. गुन्हा नोंदवायचा का, हे टिनेकेने उद्यावर टाकलं. रूलोफ गाडी घेऊन कोठाराकडे निघाला, निदान पलंग आणि खुर्ची तरी आज आणायला हवी होती. जाताना टिनेकेने त्याची बाही धरली. तिला माफी मागायची होती. त्याने नुसती तिच्या डोक्यावरची टोपी सारखी केली आणि गेला.

मार्लूसने तिला पुन्हा तिच्या रिकाम्या घरात आणलं, जिन्याच्या पायरीवर बसवलं, आपला कोट तिच्या गुडघ्यांवर घातला.

"रूलोफ येईपर्यंत एकट्या बसू नका. सोबतीला कोणाला बोलावू?"

"योपीला सांग," टिनेके म्हणाली.

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.