बांधाकडून आलेला ओ

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

साल १९६४. घणसोली गाव. सर्वपित्री अमावास्येची भर दुपार. रात्र नव्हती, हे आधीच सांगते.

मी काशी, त्या घरची नवी सून. घरात सासूबाई येसूबाई, माझा नवरा हिरामण आणि नणंद मैना. सासरे गोटीराम आदल्या वर्षी गेले होते. शेत वारसांच्या नावावर करायचं होतं, म्हणून तलाठ्याने वंशावळ मागितली होती.

हिरामण ओटीवर कागद घेऊन बसला होता. जन्माच्या नोंदीत मैना त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी होती. शाळेच्या दाखल्यातही तेच.

"ही तर तुमच्या पाठची ना?" मी हसले.

"दोन कागद सांगतान. दोन्ही खोटं कसं बोलतील?"

ठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागल्यापासून स्वारीचा कागदावर फार जीव. मी नाद सोडला आणि सासऱ्यांचं पान वाढायला घेतलं. पाणी हवं होतं.

"मैने..."

"ओ, वयनी." मैना चुलीपाशी होती.

आणि मग...

"ओ..."

खाडीच्या बांधाकडून. बारीक आवाज. लहान मुलीचा.

मी मैनाकडे पाहिलं. तिचा हात थांबला होता.

"मी एकदाच बोलले," ती म्हणाली.

बांधावर कोणीच नव्हतं.

सासूबाई मटकन खाली बसल्या.

"माजी पयली पोर," त्या म्हणाल्या. "ती बी मैनाच. हिरामण रांगत व्हता तवा तापानं गेली. यांनी बांधाकडं पुरली. कोनाला सांगितलं नाय. मंग ही झाली. हे म्हनले, तीच परत आयली. तेच नाव ठेवलं. शाळेत बी तोच जन्माचा कागद दाखवला."

हिरामणने दोन्ही कागद खाली ठेवले. "म्हंजे दाखला या नोंदीवरनंच उतरलाय," तो हळू म्हणाला. "कागद एकच हाय."

"तिचं पान कवा वाढलं नाय मी," सासूबाई रडत होत्या. "परत आयलेल्या पोरीचं पान कोन वाढतं?"

त्या दिवशी त्यांनी दुसरं पान वाढलं. लहानसं. भात थोडा, खीर जास्त.

सासऱ्यांच्या पानाला कावळा लगेच शिवला.

लहान पान तसंच राहिलं... ऊन उतरेपर्यंत.

हिरामणने वंशावळीत दोन मैना लिहिल्या. पहिलीपुढे 'मयत' लिहिताना सासूबाईंनी त्याचा हात धरला. मग स्वतःच सोडला.

पुढच्या वर्षी मैना लग्न होऊन सानपाड्याला गेली. घर ओकंबोकं झालं. एका दुपारी सासूबाई सवयीने दारात जाऊन हाक मारून बसल्या.

"मैने, जेवाला ये..."

मैना तर सासरी होती.

"ओ..."

बांधाकडून.

मी दार लावायला उठले. त्यांनी मला अडवलं.

"उघडं ऱ्हाऊ दे, काशी. इतकी वर्सं ओ देत आसल. आमी या दुसरीलाच हाका मारत व्हतो."

त्यानंतर मरेपर्यंत त्या रोज एक पान जास्त मांडत. मला भीती वाटायची आणि रडूही यायचं.

आता बांध नाही. तिथे टॉवर उभे आहेत. ती वंशावळ माझ्याकडे आहे. नातवंडं म्हणतात, आजी, नावं वाचून दाखव. मी सगळी वाचते. मैनापाशी आले की गप्प होते.

ओ आला तर...?

तिला जेवायला बोलावणारी आई आता नाही. मी तिला काय सांगू?